गाडी एक, नोंदी दोन

१ डिसेंबर २०२४

कपाट आवरताना ताईला माझी जुनी वही सापडली. पुठ्ठा सुटलेला, आत शाळकरी अक्षरात १ नंबरपासून एकेक रोलर कोस्टर. नाव, रुळांचा रंग, कितव्या रांगेत बसलो, किती फेऱ्या मारल्या आणि शेवटी ‘कसा वाटला’ याची एक ओळ. कोस्टरवेडे आयुष्यात बसलेल्या प्रत्येक नव्या कोस्टरला ‘क्रेडिट’ म्हणतात. माझी क्रेडिटं ४७.

ताई स्वतः कधी बसत नाही. सगळ्यांच्या पिशव्या, चष्मे आणि सुट्या चपला सांभाळत ती बाहेर पडायच्या दाराशी उभी असते. वहीसुद्धा तिने तशाच थंड डोक्याने चाळली आणि अर्ध्या तासाने विचारलं, “काय रे, नऊ नंबर आणि एकतीस नंबर एकच आहेत का?”

मी म्हटलं, छे, उद्यानं वेगळी, नावं वेगळी. तिने दोन्ही पानं समोर धरली. नऊ: केशरी रूळ, ‘पहिल्या उलट्या वळणात शिरताना डावा कान पट्ट्यावर आपटतो’. एकतीस: निळे रूळ, मधे अकरा वर्षं गेलेली, ‘डावा कान. पुन्हा तिथेच.’

‘पुन्हा तिथेच’ हे माझंच अक्षर. तरी क्रेडिटं दोन मोजली होती.

ठरलं: वही संगणकात उतरवायची, प्रत्येक कोस्टरची खातरजमा करायची, आणि जमलं तर त्याचं मराठीत एक छोटं संकेतस्थळ करायचं. केलं काय, कुठे अडलं, ते इथे लिहीत जाईन.

८ डिसेंबर

वही उतरवून झाली. एक ओळ म्हणजे एक कोस्टर. रकाने: नाव, उद्यान, उंची, वेग, लांबी, इन्व्हर्शन (गाडी डोक्यावर उलटी होते अशा जागा) किती, लाकडी की पोलादी, सुरू झाल्याचं साल. तक्ता तपासून बघायला जगातले नामांकित काही कोस्टर घातले: जपानच्या नागाशिमा स्पा लँडमधला स्टील ड्रॅगन २०००, लांबी २,४७९ मीटर. इंग्लंडच्या ऑल्टन टॉवर्समधला स्मायलर, १४ इन्व्हर्शन. अमेरिकेच्या सीडर पॉइंटवरचा मिलेनियम फोर्स, ३१० फूट. अबू धाबीचा फॉर्म्युला रोसा, ताशी २४० किलोमीटर.

तक्ता फार देखणा दिसतोय. एकही चौकट रिकामी नाही.

१४ डिसेंबर

आज दिवसभर एकच प्रश्न: कोस्टर म्हणायचं कशाला?

माझा नियम असा. गाडी रुळांवर हवी आणि प्रवासाचा मुख्य भाग तिने गुरुत्वाकर्षणाच्या जिवावर करायला हवा. वर कुणी नेलं, साखळीने की लॉन्चने (म्हणजे एका जोरदार धक्क्याने), त्याने फरक पडत नाही. सोडल्यावर ती आपली आपण धावली पाहिजे. १८८४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर लामार्कस थॉम्पसनने स्विचबॅक रेल्वे सुरू केली, तीही या नियमात बसते. तिच्यात बसणारे टोकाला पोचले की उतरायचे, माणसं गाडी ढकलून वर चढवायची आणि मग उलट दिशेने पुन्हा घसरत यायचं. वेग सायकलपेक्षाही कमी. पण गाडी सुटायची ती उतारावरच. त्याही आधी रशियात लाकडी सांगाड्यांवर बर्फ थापून केलेल्या उंच घसरगुंड्या होत्या. तिथे रूळ नाहीत, म्हणून तक्त्यात नाहीत, पण वंशावळीत आहेत. अख्ख्या फेरीभर मोटरवर चालणारी मुलांची अळीगाडी बाद. वहीतली एक अळी त्यामुळे उडायला हवी, पण तिला मी लहानपणीच नंबर दिलेला नव्हता. तेव्हाचा मी आताच्या माझ्यापेक्षा कडक होतो म्हणायचं.

इन्व्हर्शन मोजणंही वाटतं तितकं सोपं नाही. माझे नऊ आणि एकतीस हे दोन्ही बूमरँग जातीचे. वेकोमा या डच कंपनीचं हे तयार मॉडेल आहे, डझनावारी उद्यानांत तोच आराखडा, २८५ मीटर रूळ. गाडी आधी मागच्या मागे वर ओढली जाते, सुटते, स्थानकातून सुसाट जाते, तीनदा उलटी होते, समोरच्या चढावर थांबते आणि तोच सगळा रस्ता मागे पाठ करून परत येते. बसणारा सहा वेळा उलटा होतो. रुळांवर उलटी जागा मात्र तीनच. तक्त्यात ३ लिहिलं, कारण रकाना रुळांचा आहे, बसणाऱ्याच्या डोक्याचा नाही.

आणि इथेच ताईच्या प्रश्नाला फाटा फुटला. आराखडा तोच असेल तर कान आपटण्याची जागाही तीच असणार! म्हणजे ‘पुन्हा तिथेच’ हा काही पुरावा नाही. एकाच साच्यातले दोन वेगवेगळे कोस्टरही असू शकतात.

ताई म्हणाली, “मग शोध.”

२२ डिसेंबर

मराठी काम म्हणून हौसेने सगळे आकडे देवनागरीत टाकले होते. माझा हिशेब करणारा प्रोग्राम पायथनमधला. त्याला ‘१३९’ नीट समजतं. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला समजत नाही. उंचीच्या प्रत्येक चौकटीत ‘नॅन’, म्हणजे ‘हा आकडाच नव्हे’. गंमत म्हणजे त्याआधी क्रमवारी लागली होती, पण कशी? ९७ मीटरचा स्टील ड्रॅगन १३९ मीटरच्या किंगडा काच्या वर. आकडे नव्हे, अक्षरं म्हणून लावली की ९ मोठा आणि १ छोटा.

अख्खी दुपार गेली. आता साठवायचं इंग्रजी अंकांत, दाखवायचं देवनागरीत.

जाता जाता दुसरी सुधारणा: मूळ माप फुटांत असेल तर फुटांतच साठवायचं. ३१० फुटांचे मी ९४.४८८ मीटर केले होते. एवढा मोठा कोस्टर मिलिमीटरमध्ये कुणी मोजला असेल?

५ जानेवारी २०२५

आजचा दिवस दोघांच्या शर्यतीत गेला. शर्यतीचे कोस्टर असतात: शेजारी शेजारी दोन रूळ, दोन गाड्या एकदम सुटतात. प्रश्न असा की नोंद एक की दोन?

सीडर पॉइंटचा जेमिनाय, १९७८. लाल आणि निळी गाडी, प्रत्येकीचा रूळ स्वतंत्र. मी दोन नोंदी केल्या. मग ब्लॅकपूलचा ग्रँड नॅशनल आला, १९३५ चा लाकडी. त्यालाही स्थानकात दोन फलाट, दोन गाड्या. पण डाव्या फलाटावरून सुटलेली गाडी उजव्या फलाटावर येऊन थांबते! परत डावीकडे यायचं तर आणखी एक फेरी मारावी लागते. म्हणजे रूळ दोन नाहीतच. एकच लांबलचक रूळ स्वतःभोवती फिरून स्वतःशेजारूनच धावतोय. अमेरिकेत केनीवूडचा १९२७ चा रेसरही असाच.

ताईला हे तोंडी सांगून पटेना. तिने कागदाची पट्टी कापली, अर्धा पीळ दिला, टोकं चिकटवली आणि मधोमध पेनाने रेघ ओढत गेली. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला येऊन मिळाली. मोबियसची पट्टी. “म्हणजे गाडी स्वतःशीच शर्यत लावते,” ती म्हणाली. ते वाक्य त्या पानावर जसंच्या तसं टाकलंय.

निर्णय: जेमिनाय दोन, ग्रँड नॅशनल एक. यावर भांडायला तयार आहे.

जेमिनायनेच दुसरीकडे घोळ घातला. त्याचा सांगाडा लाकडी, रूळ पोलादी नळ्यांचे. ताईने फोटो बघून ‘लाकडी’ रकान्यात खूण केली होती आणि तिची काही चूक नाही, फोटोत लाकडाचं जंगलच दिसतं. पण जात ठरते रुळावरून. लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे लाकडी फळ्यांचे एकावर एक थर आणि वर पोलादाची पट्टी. चाकाखाली दोन्हीकडे पोलादच असतं, फरक पडतो तो त्या पट्टीखाली काय दबतं आणि किती थरथरतं याने.

१८ जानेवारी

तो देखणा तक्ता आज मोडला. पूर्ण मोडला. बरं झालं.

सुरुवात अमेरिकेतल्या किंग्ज आयलंड उद्यानाच्या सन ऑफ बीस्टने केली. २००० मध्ये सुरू झालेला लाकडी कोस्टर आणि त्यात लूप (रुळांचा उभा फेरा), ही तेव्हाची मोठी बातमी. इन्व्हर्शन: १. पण २००६ च्या अपघातानंतर तो लूप काढून टाकला. २००७ मध्ये कोस्टर पुन्हा सुरू झाला तेव्हा इन्व्हर्शन: ०. मग २००९ मध्ये बंद, २०१२ मध्ये जमीनदोस्त. माझ्या एका चौकटीत काय लिहू, शून्य की एक? २००५ मध्ये बसलेला माणूस म्हणणार मी उलटा झालो होतो. २००८ मध्ये बसलेला म्हणणार, कुठे लूप?

मग टेक्सस जायंट. १९९० चा लाकडी. २०११ मध्ये त्याच लाकडी सांगाड्याचा बराच भाग ठेवून वर पोलादी रूळ बसवला, नाव झालं न्यू टेक्सस जायंट. लाकडीचा पोलादी झाला. कोस्टर तोच की नवा?

आणि कॉर्कस्क्रू. नॉट्स बेरी फार्मवर १९७५ मध्ये सुरू झाला. माणसं भरलेली गाडी उलटी करून सुखरूप आणणारा आधुनिक काळातला पहिला कोस्टर. तो आज तिथे नाही. सुटा करून आयडाहोच्या सिल्व्हरवूडमध्ये नेला आणि १९९० पासून तिथे धावतो. माझ्या तक्त्यात ‘उद्यान’ हा रकाना एकच होता. म्हणजे एक तर मी त्याचा जन्म पुसणार, नाही तर त्याचा आजचा पत्ता.

संध्याकाळी कागद घेऊन नव्याने मांडलं. एक तक्ता यंत्राचा: त्यात फक्त एक क्रमांक आणि कुणी बांधलं ते. दुसरा जागेचा: हे यंत्र कुठे, कधीपासून कधीपर्यंत. तिसरा रूपाचा: नाव, रंग, उंची, इन्व्हर्शन, लाकडी-पोलादी, आणि प्रत्येकाला साल. चौथा फेरीचा: मी कधी बसलो, कुठल्या रांगेत, काय वाटलं. उंचीसुद्धा आता नुसती उंची नाही, अमुक सालापासूनची उंची आहे.

ताईने कागद बघितला. “नऊ आणि एकतीस यात कुठे बसतात?”

यंत्र एक असेल तर जागा दोन, रूपं दोन, फेऱ्या दोन. यंत्रं दोन असतील तर सगळंच दोन. मांडणीत दोन्हीला जागा आहे, उत्तराचा पत्ता नाही.

२ फेब्रुवारी

शब्दांची यादी. हे काम सोपं असेल असं वाटलं होतं.

लिफ्ट हिलला ‘चढण’ चालेल. तिथे जो टक-टक-टक आवाज येतो तो साखळीचा नसतो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून गाडीखालचा खटका रुळांमधल्या दातेरी पट्टीवरून उड्या मारत जातो, त्याचा तो आवाज. भीती वाटावी असा तो आवाज, आणि तो येतो सुरक्षेसाठी बसवलेल्या वस्तूतून.

अपस्टॉप चाकाला मी ‘खालचं चाक’ म्हटलं. कोस्टरच्या गाडीला चाकांचे तीन संच असतात: वरून धावणारं, बाजूने दाबणारं आणि रुळाखालून धरणारं. हे तिसरं जॉन मिलरने १९१९ मध्ये पेटंट केलं. त्याआधीच्या गाड्या रुळांवर नुसत्या ठेवलेल्या असायच्या, त्यामुळे उतार सौम्य ठेवावे लागत. पेन्सिल्व्हेनियातला लीप-द-डिप्स हा १९०२ चा कोस्टर त्या काळातला. आज आपण सीटवरून उचलले जातो आणि गाडी मात्र रूळ सोडत नाही, ते या खालच्या चाकामुळे.

तो उचलला जाण्याचा क्षण म्हणजे एअरटाइम. मी ‘अधांतर’ लिहिलं होतं. ताई म्हणाली, “त्याला पोटात गोळा येणं म्हणतात. आहे की शब्द.” बरोबर आहे तिचं, पण रकान्याचं नाव ‘पोटातले गोळे: ९’ असं ठेवलं तर वैद्यकीय अहवाल वाटेल. एअरटाइमच ठेवला, वर्णनात पोटातला गोळा.

कोब्रा रोलला ‘फणा’. यावर वाद झालाच नाही. दोन उलटी वळणं समोरून बघितली तर नागाने फणा काढलेलाच दिसतो.

ब्लॉक हा रेल्वेचाच शब्द, तो तसाच. रुळाचे विभाग पाडलेले असतात, एका विभागात एका वेळी एकच गाडी, म्हणून गाड्या नेहमी विभागांपेक्षा किमान एकाने कमी. चुंबकी ब्रेकच्या नोंदीत एक गोष्ट घातली जी मला स्वतःला उशिरा कळली: गाडी जितकी हळू होते तितका हा ब्रेक कमजोर पडतो. वेग मारतो, पण गाडीला जागच्या जागी धरून ठेवू शकत नाही. ठाम थांबवायला घासणारा ब्रेक नाही तर रबरी टायर लागतोच.

१६ फेब्रुवारी

एक छोटं गणकयंत्र जोडलं. उताराची उंची द्या, तळाशी वेग किती ते बघा. घर्षण सोडून दिलं तर वेग म्हणजे दुप्पट गुरुत्व गुणिले उंची, या सगळ्याचं वर्गमूळ. मिलेनियम फोर्सचा उतार ३०० फूट. माझं उत्तर ताशी साधारण १५२ किलोमीटर, त्याचा जाहीर वेग ताशी ९३ मैल, म्हणजे १५० च्या आसपास. हवेने आणि चाकांनी एवढंच खाल्लं! आकडा जुळला तेव्हा खोलीत एकटाच टाळी वाजवली.

गाडीचं वजन मात्र गणितात कुठेच येत नाही. जड माणसं बसली की खूप जोरात जाते असं आम्ही लहानपणी शपथेवर सांगायचो. भरलेली गाडी थोडी जोरात जाते हे खरंच आहे, पण ते घर्षण आणि हवेच्या हिशेबामुळे.

हुरूप येऊन लूपचं चित्र करायला घेतलं. नियम साधा: वरच्या टोकाला गाडी जेमतेम टिकेल इतकाच वेग द्यायचा आणि तळाशी अंगावर किती जोर येतो ते मोजायचं. ८ मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. तळाशी ६ जी, म्हणजे आपल्या वजनाच्या सहापट. भयंकर. त्रिज्या २० मीटर केली. ६ जी. ५० केली. ६ जी.

दोन तास प्रोग्राममधली चूक शोधली. प्रत्येक ओळीत आकडे छापून बघितले. शेवटी कंटाळून कागद घेतला: वर टिकायला वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्व गुणिले त्रिज्या. खाली येताना दोन त्रिज्यांइतकी उंची उतरली, म्हणून तळाशी तोच वर्ग पाचपट. त्याला त्रिज्येने भागा, त्रिज्या कटली. उरले ५, त्यात आपलं स्वतःचं १. सहा. वर्तुळ केवढंही घ्या, सहाच. प्रोग्राम पहिल्यापासून बरोबर होता.

म्हणजे गोल लूप मोठा करून सुधारता येत नाहीच. १८९५ मध्ये कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप रेल्वे नावाचा अगदी गोल, २५ फुटी लूप होता आणि त्यातून उतरणाऱ्यांच्या माना दुखायच्या. उपाय आकारात होता. १९७६ मध्ये मॅजिक माउंटन उद्यानात रेव्होल्यूशन आला, बांधणारे अँटन श्वार्झकॉफ, आकडेमोड व्हेर्नर श्टेंगल यांची. लूप पाण्याच्या थेंबासारखा: तळाशी वेग जास्त म्हणून वळण मोठं आणि सैल, वर वेग कमी म्हणून वळण घट्ट. मी चित्रात वरची त्रिज्या खालच्यापेक्षा निम्म्याहून कमी केली आणि आकडा धपकन खाली आला.

ते चित्र आता पानावर आहे. बोटाने थेंब ओढा, जोर बघा. प्रकल्पातली माझी सर्वांत आवडती गोष्ट.

१ मार्च

काल किंगडा का पाडला.

न्यू जर्सीतला १३९ मीटरचा मनोरा, २००५ पासून उभा. स्फोट, आणि काही सेकंदांत सगळं आडवं. चित्रफीत तीनदा बघितली, मग बंद केली. मी त्यात कधी बसलो नाही. आता नाहीच.

त्याच्या पानावर काम करत बसलो, दुसरं काय करणार. साडेतीन सेकंदांत ताशी २०६ किलोमीटर, तेलाच्या दाबावर चालणारा लॉन्च. माझ्या गणकयंत्रात तो वेग उलटा घातला तर गाडी १६७ मीटरपर्यंत चढायला हवी. मनोरा १३९. मधले २८ मीटर म्हणजे वारा, चाकं, आणि माथा ओलांडताना लागणारा थोडा वेग. एवढी शिल्लक असूनही कधीकधी गाडी माथ्याच्या अलीकडेच दमायची आणि उलटी खाली यायची. त्याला रोलबॅक म्हणतात. त्यासाठी लॉन्चच्या रुळामध्ये ब्रेकच्या पट्ट्या असायच्या. गाडी सुटताना त्या खाली दबत, गाडी पुढे गेली की लगेच वर येत. घसरून आलीच, तर झेलायला तयार. वेडे लोक मुद्दाम रोलबॅक मिळावा म्हणून रांगेत उभे राहायचे.

तो शेवटचा धावला १० नोव्हेंबरला. बंद होणार हे जाहीर झालं ते या शेवटच्या फेरीनंतर चार दिवसांनी. शेवटच्या गाडीत बसलेल्यांना ती शेवटची आहे हे माहीतच नव्हतं. हे मला पटलेलं नाही.

‘स्थिती’ रकान्यात आता चार शब्द: चालू; बंद, पण उभा; हलवला; पाडला. लीप-द-डिप्स १९८५ पासून १९९९ पर्यंत ‘बंद, पण उभा’ होता आणि मग पुन्हा धावला. म्हणून दुसरा आणि चौथा शब्द कधी एक करायचे नाहीत.

९ मार्च

काही झालं नाही. एका पानावर अनुस्वार नीट दिसत नव्हते, फॉन्ट बदलला.

२३ मार्च

वहीतल्या ४७ नोंदींत ‘शेवटची रांग’ २९ वेळा. का, ते दाखवणारं चलचित्र केलं. आठ डब्यांची गाडी, एक टेकडी. गाडी माथ्यावर येते तेव्हा सर्वांत संथ असते. पहिला डबा माथा ओलांडतो त्या वेळी बाकी सगळी गाडी अजून मागे चढावर, म्हणून पुढचे लोक काठावर लोंबकळत राहतात, खालचं सगळं निवांत बघत. शेवटचा डबा माथ्यावर येईपर्यंत पुढचे सात उतारावर पळायला लागलेले. ते त्याला टेकडीवरून खेचून नेतात. गोळा पोटात येतो तो इथे.

ताईने चित्र चारदा चालवलं. “आणि तू मला पहिल्यांदाच शेवटच्या रांगेत बसवणार होतास?”

होतो. वीस वर्षं झाली, तिने बरोबर लक्षात ठेवलंय.

६ एप्रिल

आज पानं सगळ्यांसाठी उघडली. ६२ कोस्टर, शब्दांची यादी, वेगाचं गणकयंत्र, थेंबाचा लूप. ‘जगातले टॉप टेन’ घातलेलं नाही आणि घालणार नाही. अशा याद्या दर दोन वर्षांनी शिळ्या होतात आणि तरी सालाशिवाय फिरत राहतात. माझ्याकडे फॉर्म्युला रोसासमोर ‘२०१० मध्ये सुरू झाला तेव्हा सर्वांत वेगवान’ असं लिहिलंय. मिळमिळीत वाटतं, पण कधीही वाचलं तरी खरं राहील.

नऊ आणि एकतीस यांची पानं मुद्दाम रिकामी ठेवली आहेत.

२६ एप्रिल

फोटो सापडला. एकतीसचा. ताईनेच काढलेला, बाहेर पडायच्या दाराशी उभं राहून. मी त्यात नाहीच. माझ्या पिशवीचा पट्टा दिसतो, आणि तिच्यामागे बूमरँगचा एक खांब, जिथे दोन तुकडे जाड चकत्यांना बोल्ट मारून जोडतात ती जागा.

स्कॅन करून मोठा केला. रंग निळा. बोल्टच्या डोक्यांवर पान्याने निळा रंग खरवडलाय आणि खाली केशरी दिसतो. एका बोल्टवर नव्हे, पाच बोल्टांवर. चकत्यांच्या फटीतही केशरी धार.

कारखान्यातून नवा आलेला खांब असता तर निळ्याखाली अस्तराचा रंग दिसला असता. केशरी असायचं कारण नव्हतं.

मग जुनी माहितीपत्रकं काढली. नऊच्या उद्यानाच्या नकाशात ज्या वर्षी बूमरँगची जागा कोरी झाली, त्याच्या दुसऱ्याच वर्षी एकतीस सुरू झाला. साच्यातली बाकीची भावंडं त्या काळात कुठे होती, तेही जमेल तितकं पडताळलं. अकरा वर्षांच्या त्या मधल्या काळात केशरी रंगाचं, जागा सोडून गेलेलं, मला सापडलेलं एकच.

४ मे

कोस्टरवेड्यांत यावर दोन पंथ आहेत. हलवलेला कोस्टर नव्या जागी नवं क्रेडिट, असं काही जण मानतात: नवा पाया, नवं वातावरण, नवी गाडीही असू शकते. बाकीचे म्हणतात, रूळ तोच तर क्रेडिट तेच. मी इतकी वर्षं विचार न करताच पहिल्या पंथात होतो, कारण त्यात आकडा वाढतो.

माझ्या मांडणीत दोन्ही उत्तरं निघतात. जागा मोजल्या तर ४७, यंत्रं मोजली तर ४६. मुख्य पानावर कुठला आकडा दाखवायचा एवढंच ठरवायचं होतं, आणि त्याला मी आठवडा लावला.

मग दोन्ही फेऱ्यांच्या ओळी पुन्हा वाचल्या. केशरी, डावा कान. निळा, डावा कान, पुन्हा तिथेच. यंत्र क्रमांक एकच दिला. जागा दोन, रूपं दोन, फेऱ्या दोन, सगळं एकाच पानावर. पानाच्या माथ्यावर ताईचा खांबाचा फोटो.

मुख्य पानावरचा आकडा बदलला आणि ताईला दाखवला.

“सेहेचाळीस,” ती म्हणाली. “एक गेला तुझा.”

वहीतही दुरुस्ती केली. ३१ वर काट मारली नाही. समोर पेनाने लिहिलं: ९ पाहा.